ती गच्ची कुणाच्या हद्दीत होती?

गेल्या निवडणुकीत इथे नाशिकमध्येच एका मोठ्या नेत्याच्या सभेला वडिलांना घेऊन गेलो होतो. गेटवर त्यांची पाण्याची बाटली काढून घेतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, वर टळटळीत ऊन. बाटल्या, लायटर, तंबाखूच्या पुड्यांचा तिथे ढीग पडला होता. आणि त्याच गेटच्या कडेने गळ्यात पास अडकवलेली पोरं हार, शाली, बुके घेऊन सरळ आत चालली होती. मेटल डिटेक्टरची चौकट सारखी वाजत होती, कोणी वळून बघत नव्हतं. समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर पाच-सहा जण उभे होते. मी बंदोबस्तावरच्या हवालदाराला दाखवलं. तो बिचारा सकाळपासून उभा. म्हणाला, "तो भाग आमच्याकडे नाही, काका."

अमेरिकेत बटलरला 13 जुलै 2024 रोजी हेच झालं. ट्रम्प बोलत होते आणि सव्वाशे-दीडशे मीटरवरच्या छपरावर एक पोरगा रायफल घेऊन पालथा पडला होता. छप्पर सीक्रेट सर्व्हिसच्या (तिथल्या बड्या नेत्यांना संरक्षण देणारी सरकारी यंत्रणा) कड्याबाहेरचं, म्हणून ते स्थानिक पोलिसांनी बघायचं. लोक ओरडून सांगत होते, छपरावर माणूस आहे. दोन्हीकडचे वायरलेस वेगळे, निरोप वेळेत पोचलाच नाही. ट्रम्प यांच्या कानावर निभावलं. पण बायको-मुलींना घेऊन सभेला आलेला एक माणूस गेला.

जपानमध्ये 8 जुलै 2022 ला भाषण करणाऱ्या माजी पंतप्रधान शिंजो आबेंच्या पाठीमागचा रस्ता मोकळा होता, तिथूनच येऊन एकाने त्यांना गोळ्या घातल्या. आणि आपलं श्रीपेरंबुदूर, 21 मे 1991. हातात हार घेतलेल्या त्या बाईला महिला पोलिसाने अडवलं होतं, तरी ती राजीव गांधींपर्यंत पोचली आणि अंगावरचा बॉम्ब उडवला. त्यांच्यासोबत डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात बंदोबस्तावरचे पोलीसही होते.

म्हणून "पुढाऱ्यांना एवढी सुरक्षा कशाला" हे मला पटत नाही. तिथे ढिलाई झाली की पहिल्या रांगेतला माणूसही मरतो.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. 2003 च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले, ते आपण विसरलेलो नाही. या वेळीही मोठमोठे लोक स्नानाला येतील. रामकुंडाभोवती जुने वाडे, लॉज, एकमेकांना चिकटलेल्या गच्च्या आहेत. माझी मागणी एवढीच, की त्यातली प्रत्येक गच्ची कुणाकडे आहे ते आधीच कागदावर नावानिशी लिहा. आणि त्या अधिकाऱ्याशी गेटवरच्या होमगार्डला थेट बोलता येईल असा वायरलेस त्याच्या हातात द्या.