चिखल बघायला सिंगापूर कशाला?

आतेभावाच्या मुलीच्या शाळेने ऐरोलीच्या 'किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रा'ची सहल ठरवली होती. ती पालकांनी रद्द करायला लावली. मीटिंगमध्ये म्हणे एकाने विचारलं की चिखल आणि डास बघायला मुलांना कशाला न्यायचं, मग बाकीचे पण सुरू झाले, आणि आता पोरं वॉटर पार्कला जाणार. हे सगळं आतेभावाने फॅमिली ग्रुपवर अभिमानाने टाकलं, कारण आवाज उठवणाऱ्यांत तोच पुढे होता. इथपर्यंत मी गप्प होतो. पण मी सिंगापुरात राहतो म्हणून खाली मला टॅग करून लिहिलंन, "सिंगापूरसारखं काही असतं तर नेलं असतं, आपल्याकडे हे जमणारच नाही." त्यावर काकांचा अंगठा. तेव्हापासून डोकं फिरलंय.

म्हणजे तुम्हाला जायचं नाही ते नाही, वर साक्षीला मला उभं करणार. बरं, मग ऐका साक्ष.

इथलं सुंगेई बुलोह हे पाणथळ अभयारण्य म्हणजे काय, तर चिखल. क्रांजीच्या मेट्रो स्टेशनला उतरायचं, ९२५ नंबरची बस पकडायची आणि जाऊन चिखल बघायचा. तीच तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, चिखलातून वर आलेल्या त्यांच्या त्याच टोकदार मुळ्या, त्याच निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारतायत, एक नांगी मोठी असलेले तेच खेकडे. डास आहेत. शिवाय खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यांच्यासाठी बोर्ड लावलाय की लांब राहा, आणि तरी शाळेची पोरं रांगेत चाललेली असतात. समोर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती. कोणाचे आईबाप आरडाओरडा करत नाहीत, लर्निंग जर्नी, म्हणजे शाळेची अभ्याससहल आहे म्हटल्यावर फॉर्मवर सही करून मोकळे होतात.

आता आकडे घ्या. सुंगेई बुलोह साधारण २०२ हेक्टर. ऐरोलीचं केंद्र ज्या ठाणे खाडीच्या काठी आहे तिचं फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १६९० हेक्टर, २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आठपट! इथे सप्टेंबर ते मार्च उत्तरेकडून पाणपक्षी येतात, तपकिरी, लहान, इतकी वर्षं बघूनही मला त्यातले अर्धे ओळखू येत नाहीत. ठाणे खाडीत लाखाच्या वर फ्लेमिंगो मोजले गेलेत, ते ट्रेनच्या खिडकीतून चष्मा नसलेल्या माणसालाही दिसतात. सिंगापुरात फ्लेमिंगो बघायचे तर मंडाईला जाऊन बर्ड पॅरडाइज ह्या पक्षी उद्यानाचं तिकीट काढा. ऐरोलीचे स्वतःच्या पंखांनी येतात, आणि तुम्ही म्हणता सिंगापूरसारखं काही असतं तर.

इथलं सगळं इतकं नीटनेटकं का, ते पण सांगतो. उरलंय किती, जपायला? ह्या बेटाचा किनारा एके काळी खारफुटीने भरलेला होता, मग भराव घातले, बंदरं झाली, तलाव झाले, आणि आता जी थोडीफार खारफुटी राहिलीय तिच्यावर लाकडी पूल आणि चकचकीत बोर्ड. सुंगेई बुलोहमध्येसुद्धा पूर्वी कोळंबीची तळी होती. १९८६ मध्ये पक्षी बघणाऱ्या काही हौशी लोकांना तिथे पक्षी सापडले, त्यांनी सरकारच्या मागे लागून ती जागा मागून घेतली, १९९३ मध्ये पार्क झालं आणि २००२ मध्ये रिझर्व्ह. आणि इथे चुका होत नाहीत असं नाही हं, २०२१ मध्ये ह्याच क्रांजीचं जंगल पर्यावरणाचा अभ्यास पूर्ण व्हायच्या आत कापलं गेलं, नंतर सगळ्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी मात्र छान व्यक्त करतात, ते मान्य.

पण मला मुद्दा सांगायचाय तो चेक जावाचा. सिंगापूरच्याच पुलाउ उबिन बेटाच्या पूर्व टोकाला हा ओहोटीला उघडा पडणारा किनारा, तिथे भराव घालायचं ठरलेलं होतं, काम सुरू होणार होतं. २००१ मध्ये लोकांना कळलं की आता हे जाणार, तर शेवटचं बघून घेऊ म्हणून लोक बमबोटीत, म्हणजे छोट्या लाकडी होडीत बसून तिकडे जायला लागले, पोरंबाळं घेऊन, चिखलात उतरून समुद्रतारे आणि समुद्री गवत बघायला. काहींनी तिथे काय काय जगतंय त्याची मोजदाद केली, पत्रं लिहिली. आणि भराव थांबला. कायमचा नाही, उबिनची जागा विकासाला लागत नाही तोवर, असं सरकारने स्पष्ट सांगितलंय. पण वीसहून जास्त वर्षं झाली, अजून लागलेली नाही. आज तिथे बोर्डवॉक आहे, जुन्या टुमदार बंगल्यात माहिती केंद्र आहे, आणि तुम्ही जे फोटो "बघा कसं ठेवलंय" म्हणून फॉरवर्ड करता त्यात ते पण असतं. आधी लोक चिखलात गेले, बोर्डवॉक नंतर आला. ह्याच्या उलट कुठेच होत नाही.

आणि हे तुम्हाला सिंगापूरवाल्याने सांगायला नको. वेळासला काय झालं? मंडणगड तालुक्यातलं एवढंसं गाव, २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला, आणि आता लोक मुंबई-पुण्याहून रात्रीचा प्रवास करून जातात, गावातल्या घरात राहतात, पहाटे उठून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघतात. भव्य इमारत नाही, एसी हॉल नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. सगळं गोड नाहीये हेही मला माहीत आहे, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध कित्येक वर्षं चालूच राहिला, कारण समुद्र त्यांच्या पोटाचा होता. ते भांडण मला पटतं. चिखल आहे म्हणून नको, हे नाही पटत.

ऐरोलीला नक्की काय शिकण्यासारखं आहे, असं आतेभावाने नंतर विचारलं. अरे, भरती-ओहोटी! तुझी मुलगी खाडीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहते आणि तिला भरती कधी असते ते माहीत नाही. तिथली बोट भरतीच्या वेळेवर निघते, ओहोटीला पाणी नसतं तर जाणार कुठून. फ्लेमिंगो उलट ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात, त्यांचं शेवाळ तिथे असतं (आपल्या सांडपाण्यामुळे ते शेवाळ वाढतं असं अभ्यासक सांगतात, हा विनोद आपल्यावरच आहे). भरतीला चिखल बुडाला की ते नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन टेकतात. म्हणून खाडी राखून भागत नाही, तळी पण लागतात. नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट बंद झाली, तळं आटलं आणि २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले, तेव्हा आसपास राहणारे लोक रस्त्यावर उतरले, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं राखीव करायला मान्यता दिली. म्हणजे आपल्याकडे जमतं. ज्यांनी ते पक्षी बघितले होते त्यांना जमलं.

आता तिकडे वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी ४५ हजारांहून जास्त तिवरं जाणार आहेत. हायकोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं होतं की कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, लोकहिताच्या कामाला तेवढी कोर्टाच्या परवानगीने सूट. रस्ता हवा की नको ह्यावर मी इथे बसून बोलणार नाही, मला रोज त्या ट्रॅफिकमध्ये बसायचं नाहीये. पण निदान काय जातंय ते माहीत असलेली चार माणसं तरी त्या शहरात पाहिजेत ना, आणि ती वॉटर पार्कमध्ये तयार होत नाहीत.

हो, तक्रार मलाही आहे. मागच्या वेळी आलो तेव्हा एका निसर्गकेंद्रात गेलो होतो, नाव घेत नाही, तर फोन कोणी उचलत नव्हतं, गेटवर सांगितलं आज माहिती देणारे साहेब नाहीत, आणि टॉयलेटबद्दल न बोललेलं बरं. हे बोललो की लगेच "आलास का तू परदेशातला" सुरू होतं. मग बाहेरचे बोलले की कौतुक आणि मी बोललो की माज, हा कुठला न्याय.

खरं सांगायचं तर मी वाढलो कोपरखैरण्यात आणि आमच्यासाठी खाडी म्हणजे वाशीच्या पुलावर ट्रेन आली की येणारा वास आणि खिडकीतून निर्माल्याची पिशवी टाकणारे हात. निवटी पहिल्यांदा नीट बघितली ती इथे. आता शनिवारी मी सुंगेई बुलोहला व्हॉलंटियर म्हणून पोरांना तीच निवटी दाखवतो, टोपी घालून, आणि एखादं पोरगं विचारतं, अंकल, तुमच्या देशात आहे का हे? तेव्हा मी इतक्या जोरात हो म्हणतो की शेजारचा गाईड वळून बघतो. मुलाचं एनएस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, जवळ आलंय, तो ह्या किनाऱ्याचं रक्षण करायला जाणार. माझं मत तिकडच्या यादीत आहे आणि द्यायला जाणं होत नाही, इथे पीआरला, म्हणजे माझ्यासारख्या नागरिक नसलेल्या कायमच्या रहिवाशाला मत नाही. खाडीवर हक्काने बोलायला मला नक्की कुठली खाडी आहे, हा प्रश्न बायकोने विचारलाय आणि तो मी टाळतोय.

शेवटी मी ग्रुपवर लिहिलं की अख्ख्या वर्गाच्या बोटीचे पैसे मी भरतो, सहल परत ठरवा. आतेभावाचं उत्तर आलं, "डॉलरचा माज दाखवू नकोस, पैशाचा प्रश्नच नव्हता." हे त्याचं अगदी बरोबर आहे, पैशाचा प्रश्न नव्हताच, म्हणून तर मी एवढा चिडलोय. फेब्रुवारीत येतोय, तेव्हा फ्लेमिंगो असतील. त्याला नाही विचारणार, पोरीला विचारतो, आणि भरतीची वेळ तिलाच शोधायला सांगणार आहे.