घाबरू नकोस म्हणे!

न्यू जर्सीत लिट्ल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळणाऱ्या पोरांच्या मराठी आईबाबांसाठी लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या चिरंजीवांच्या बरगडीत बॉल बसला. वय नऊ. तोपर्यंत कोच नाहीतर मशीन बॉल टाकायचं, सगळे सरळ यायचे. त्या सीझनपासून समोर त्याच्याच वयाचे पिचर आले, आणि नऊ वर्षांच्या पिचरला आपला बॉल कुठे जाणार हे स्वतःलाही ठाऊक नसतं. नियमाप्रमाणे याला पहिला बेस फुकट मिळाला, रात्री जांभळा डागही. त्यानंतर पिचरचा हात वर गेला की याचा पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे. आपल्या भाषेत, लेगला पळायचा. अंग एकीकडे, बॅट हवेत, तीन स्ट्राइक म्हणजे आऊट, परत.

मी काय केलं? जाळीमागून ओरडलो, "अरे घाबरतोस काय, उभा राहा!" कोचही तेच, फक्त इंग्रजीत. डोंबिवलीच्या गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला माणूस, ज्ञान पाजळायला मागे कसा राहीन?

मग एका रविवारी शेजारच्या थोराड पोराला म्हटलं, टाक मला. क्रिकेटमध्ये बहुतेक बॉल टप्पा पडून येतो, पायाला पॅड असतात, बाहेरचा सोडला तर कोणी मोजत नाही. इथे ४६ फुटांवरून सगळेच फुलटॉस, १४५ ग्रॅमच्या आसपासचा टणक बॉल, आणि विचार करायला पाऊण सेकंदही नाही. दुसऱ्याच बॉलला माझा पाय लेगला. चिरंजीव बघत होते. काही बोलले नाहीत, नशीब माझं.

ती भीती खरी आहे, म्हणूनच समजूत घालून जात नाही. धीर द्यायला मी त्याला बोस्टन रेड सॉक्स टीमच्या टोनी कॉनिग्लिआरोचा किस्सा सांगितला: १९६७ मध्ये चेहऱ्यावर बॉल बसला, डोळा अधू झाला, तरी परत आला आणि १९७० साली ३६ होमरन मारले. शुद्ध गाढवपणा. पोराने त्यातलं फक्त 'डोळा' ऐकलं.

आमच्याकडे चाललं ते उलटंच. बॉल लागू द्यायचा, पण कसा लागू द्यायचा ते शिकायचं. ड्राइव्हवेवर बादलीभर टेनिस बॉल घेतले. अंगावर येतोय दिसलं की पिचरकडे पाठ वळवायची, हनुवटी छातीशी, बॅट खाली, आणि पाठीवर घ्यायचा. पहिले दहा बॉल डोळे मिटून, तोंड वाकडं करून. विसाव्याला हसायला लागला. मग म्हणाला, "बाबा, आता मी टाकतो तुला." टाकले. दात-ओठ खाऊन टाकले. मला वाटतं खरं औषध तेच असावं.

पुढे बॉलवर मार्करने आकडे लिहिले: बॅट फिरवायची नाही, फक्त आकडा ओरडायचा. आणि टाचांमागे दुसरी बॅट आडवी ठेवली, पाय मागे गेला की अडखळणार. तीन आठवडे, रोज पंधरा मिनिटं. जाळीमागची माझी कॉमेंट्री बायकोने बंद करवली. तिला विचारलंत तर फरक त्यानेच पडला.

गेल्या शनिवारी तो पुन्हा स्ट्राइक-आऊट झाला. मॅच संपल्यावर मी बूट झटकायचं निमित्त करून बॅटरच्या चौकोनात गेलो. मातीत त्याच्या पुढच्या पायाची खूण होती, सरळ पिचरच्या दिशेने.