एमआरआयमध्ये दिसलं म्हणून लगेच स्तन काढू नका

स्तनाच्या कॅन्सरवरच्या एका लेखात ‘शस्त्रक्रियेआधी प्रत्येकीने स्तनाचा एमआरआय करावा’ असं सुचवलंय, ते पटलं नाही. ब्रिटनमधल्या कॉमिस चाचणीत (२०१०) १६२३ स्त्रिया होत्या. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण सारखंच निघालं, सुमारे १९ टक्के.

मात्र काही जणींना तो खरोखर हवा: लोब्युलर कॅन्सर (हा दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होतो, अनेकदा गाठ न बनवता पसरतो आणि मॅमोग्राफीत निसटतो), बीआरसीए दोष (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक जनुकदोष), काखेत गाठ पण स्तनात काहीच सापडत नाही अशी अवस्था, किंवा शस्त्रक्रियेआधी केमो द्यायची असेल तेव्हा.

पाळी चालू असेल तर पाळीच्या ७ ते १४ व्या दिवसात तपासणी घ्या. इतर दिवसांत निरोगी ऊतीही गॅडोलिनियम (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते द्रव्य) शोषून चमकतात आणि नसलेले डाग दिसतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे द्रव्य देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, नवा डाग दिसला तर त्याची बायोप्सी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेचा बेत बदलू देऊ नका. आधी त्याच जागी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगा. एमआरआय पालथं झोपवून होतो, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया उताणं, त्यामुळे डागाची जागा सरकलेली असते. सोनोग्राफी करणाऱ्याला एमआरआयची चित्रं दाखवाच. सोनोग्राफीत डाग सापडला नाही, तर एमआरआयखाली सुई घालून बायोप्सी करणारं केंद्र शोधावं लागतं. अशी केंद्रं मोजकीच आहेत, म्हणून ही चौकशी तपासणीच्या आधीच करून ठेवा.