बसच्या दारावरचं झाकण पारदर्शक करा

बसच्या दारावरच्या पेटीला पत्र्याऐवजी पारदर्शक झाकण बसवावं, असं माझं ठाम मत आहे. आत असतो हवेचा एक सिलिंडर, त्याचा दांडा आणि दार फिरवणारा हात. एवढं दिसलं तरी आणीबाणीचा नॉब कशासाठी आहे ते कळेल. तो दार उघडत नाही, सिलिंडरमधली हवा सोडून देतो. मग दार हातानं ढकलायचं. नॉब न फिरवता कितीही जोर लावला तरी आपण त्या हवेशीच झुंजत असतो.

आवाजांचंही तसंच. चालत्या बसखालून मध्येच मोठ्यानं ‘फस्स’ होतं, ते बहुतेक वेळा बिघाडाचं नसतं. बसचे ब्रेक आणि दार दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा साठवणाऱ्या टाक्यांत साधारण 8 बार (बार हे दाबाचं एकक) दाब झाला की गव्हर्नर, म्हणजे दाबावर लक्ष ठेवणारा व्हॉल्व्ह, हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा भार काढतो आणि हवा कोरडी करणारा एअर ड्रायर साठलेलं पाणी बाहेर फेकतो. पण बस उभी आहे, ब्रेक आणि दाराला कुणी हात लावलेला नाही, तरी ‘फस्स’ पुन्हा पुन्हा येतंय? मग कुठेतरी हवा गळतेय.

नेहमीचा ब्रेक हवेनं लागतो, पार्किंग ब्रेक तर उलटाच चालतो. तो स्प्रिंगनं लागतो, हवेनं सुटतो. रात्रभरात हवा उतरली तर सकाळी दाब साधारण 5 बारच्या वर जाईपर्यंत चाकं मोकळी होत नाहीत. अशा वेळी ‘चला, चला’ म्हणून ड्रायव्हरला घाई करण्यात काही अर्थ नाही. मात्र ही स्प्रिंग ज्या डब्यात असते तो चेंबर बंदच राहू द्या. दाबलेली स्प्रिंग बोल्टनं जखडल्याशिवाय तो उघडला तर माणूस जाऊ शकतो.

खरी काळजी गेजवर, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर, न दिसणाऱ्या दोषाची. ड्रमवर घासून चाक थांबवणारे लायनर झिजले किंवा उतारावर चाकाबरोबर फिरणारा तो ड्रम तापून फुगला की, हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या दांड्याला जास्त लांब जावं लागतं. गेजचा काटा पूर्ण दाब दाखवतो, ब्रेक मात्र पकडत नाही. तपासणी सोपी आहे: चाकांना अडण्या लावा, पार्किंग ब्रेक सोडा, दांड्यावर खडूची खूण करा, 6 ते 7 बारला ब्रेक दाबा, खूण किती सरकली ते मोजा. नेहमीच्या 30 नंबरच्या (हा चेंबरचा आकार) चेंबरला 50 मिलिमीटरच्या वर गेली तर गाडी बाहेर काढू नये. ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे लायनर झिजतील तसं दांड्याचं अंतर आपोआप जुळवणारा भाग, पान्यानं पुन्हा पुन्हा आवळणं मला मान्य नाही. तो स्वतःहून जुळत नसेल तर अ‍ॅडजस्टर, बुश (दांडा फिरतो ती बाही) किंवा कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा भाग) यांपैकी काहीतरी गेलंय. आवळून दोन दिवस बरं वाटतं, दोष तिथेच राहतो.