नॉर्वेतलं ‘थांबा’ आणि आपलं ‘व्हई जाई’

कबड्डीच्या चढाईत पाय रोवून अंग वळवलं, गुडघ्यात ‘कट्’ आवाज झाला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला. एमआरआयमध्ये एसीएल तुटल्याचं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा लिगामेंट तुटल्याचं कळतं, आणि शहाद्यापासून रावेरपर्यंत कोणत्याही घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन करा, नाहीतर पोराचा खेळ संपला. दुसरा म्हणतो, कोवळ्या वयात चाकू लावू नका, व्हई जाई बरं, म्हणजे होईल आपोआप बरं. हल्ली या दुसऱ्या तटाच्या हाती परदेशाचा दाखला आला आहे: ‘तिकडे तर ऑपरेशन न करताच बरे करतात.’

नॉर्वेतून पाहिलं तर हा दाखला अर्धा आहे. इथे लहान मुलांच्या, विशेषतः 12 वर्षांच्या आतल्यांच्या, एसीएलवर आधी व्यायामानेच उपचार करतात, हे खरं. पण 16 वर्षांखालच्या मुलाला फिजिओथेरपीचे पैसे भरावे लागत नाहीत. महिनोन्‌महिने व्यायाम करून घेतला जातो, मांडीची ताकद मोजली जाते, वळणा-उड्यांचे खेळ बंद ठेवले जातात, आणि गुडघा सटकू लागला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. इथलं थांबणं हाच उपचार असतो. आपल्याकडचं थांबणं म्हणजे हाडवैद्याकडून मालिश आणि महिनाभराने नी-कॅप चढवून विभागीय स्पर्धेला उतरणं. गुडघा सटकला की दर वेळी दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) चिरडते. ती गादी पंधराव्या वर्षी काढावी लागली तर ऐन उमेदीत गुडघा झिजण्याची भीती असते. एसीएल तुटण्याइतकंच हे नुकसान मोठं आहे, पण घरातल्या वादात त्याचं नावही निघत नाही.

लगेच ऑपरेशन की आधी व्यायाम, हे तपासणारा 2010 चा स्वीडनचा अभ्यासही पुष्कळदा पुढे केला जातो. त्यातले 121 जण 18 ते 35 वयाचे होते, शाळकरी मुलं नव्हेत. शिवाय आधी व्यायामाच्या गटात असलेल्यांपैकी निम्म्यांनी पाच वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतलीच.

म्हणून आधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो; तिथे थांबायचं नसतं. एक्स-रे एमआरआयच्या आधी काढावा, कारण मुलांमध्ये कधी कधी लिगामेंट शाबूत राहतो आणि तो जिथे चिकटलेला असतो तो हाडाचा तुकडाच उखडतो. पहिल्या दिवशी सूज आणि वेदनेने स्नायू आखडतात, त्यामुळे हाताने केलेली तपासणी फसवते. आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा करून घ्यावी. तोवर मालिश नको, शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

मग वाढीचा प्रश्न. शस्त्रक्रियेत हाडात बोगदा पाडून तुटलेल्याच्या जागी नवा लिगामेंट बसवतात. उंची वाढवणाऱ्या ग्रोथ प्लेट गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण 9 मिलिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक 6. मुलींची वाढ साधारण 14 व्या, मुलांची 16 व्या वर्षी थांबत येते; शाळेच्या दाखल्यावरचं वय नव्हे, हाताच्या एक्स-रेवरून काढलेलं हाडाचं वय पाहायचं. वाढ बाकी असताना ग्रोथ प्लेटमधून हाडाचा तुकडा किंवा स्क्रू आडवा गेला तर पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. म्हणून सर्जनला विचारा: वाढ किती उरली, बोगदा कुठून पाडणार, नवा लिगामेंट कशाने अडकवणार, अशा वयाच्या किती मुलांवर हे केलं आहे? नवा लिगामेंट मुलाच्याच शरीरातला असावा. दात्याचा लिगामेंट या वयात जास्त तुटतो. कुस्तीगिराला गुडघे टेकावे लागतात, म्हणून नव्या लिगामेंटसाठी गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा घेतला तर पुढे टेकताना दुखू शकतं, हेही आधी बोलून घ्यावं.

माझं मत असं. वाढ संपत आलेल्या 15-16 वर्षांच्या कबड्डी किंवा खो-खोच्या खेळाडूने शस्त्रक्रिया करावी, पण सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर नाही. आधी पाय पूर्ण सरळ व्हावा, 120 अंशांपर्यंत वाकावा, लंगडणं थांबावं. नाहीतर गुडघा कायमचा आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मांडी आवळून पाच सेकंद धरायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. याला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. फक्त सरळ धावणाऱ्या मुलाने आधी व्यायाम करून पाहावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तर नक्कीच, मात्र खेळ खरोखर बंद राहणार असेल तरच.

शस्त्रक्रियेनंतरची चूक सगळ्यात महाग पडते. नवा लिगामेंट शरीरात रुजताना आधी कमकुवत होतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वात नाजूक असतो, आणि नेमकं तेव्हाच मुलाचं दुखणं थांबलेलं असतं, म्हणून तो धावायला जातो. 17 वर्षांखालचा शेवटचा हंगाम, दहावीचे क्रीडा गुण, नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, पुढची पोलीस भरती, ही ओढ खरी आहे. घरच्यांना हावरं म्हणू नये. पण मैदानावर परतणं नऊ महिन्यांच्या आत नको, आणि तेही फक्त तारीख पाहून नको. ओस्लो आणि डेलावेअरच्या 2016 च्या अभ्यासात चाचण्या पास न होता परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली, पास होऊन परतलेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना.

या चाचण्यांना मोठं यंत्र लागत नाही. एका पायावर एक उडी, मग सलग तीन उड्या, आणि मोजपट्टी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत जायला हवी. जिममध्ये मांडीच्या यंत्रावर एकेका पायाने दहा वेळा उचलता येणारं वजनही असंच मोजावं. चांगल्या पायाची मापं शस्त्रक्रियेआधी घेऊन ठेवा. महिनोन्‌महिने न खेळल्याने तोही कमजोर होतो आणि तुलना फसते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला दर आठवड्याला नंदुरबार किंवा सुरत गाठणं जमणार नाही. दर पंधरा दिवसांनी फिजिओ, मधल्या दिवसांत घरी रोजचा व्यायाम, आणि मापं लिहून ठेवायला शाळेतले क्रीडाशिक्षक, एवढं तरी हवं. रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाला, योजनेत ऑपरेशन बसतं का, एवढंच विचारून लोक थांबतात. पुढच्या नऊ महिन्यांचा फिजिओ आणि बसभाडं कोण भरणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याच टेबलावर ठरवून घ्यावं.