चिनी पेपर म्हणजे पहिल्यापासून दरबारी भोंगा?

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपांवर एकच मेसेज आला: 'चीनमध्ये पत्रकारिता कधी जन्मलीच नाही. पेपर म्हणजे दरबारी भोंगा. तिथल्या नेत्यांनी पेपर बंद पाडले, काढले कधीच नाहीत. टिळक फक्त आपल्याकडे झाले.' शेवटच्या वाक्याला आपण सगळेच भुलतो आणि मेसेज पुढे जातो.

भोंग्याचं आधी उरकू. पेकिंगचं जुनं राजपत्र फर्मानं, नेमणुका आणि अधिकाऱ्यांची दरबाराला आलेली निवेदनंच छापायचं, हे खरं. पण १८७२ मध्ये शांघायला 'शनबाओ' काढला तो अर्नेस्ट मेजर या इंग्रज व्यापाऱ्याने, चार पैसे मिळवायला. दोनच वर्षांनी वांग थाओने हाँगकाँगमध्ये स्वतःचं दैनिक काढलं आणि अग्रलेखांतून राज्यकारभारात बदल मागितले.

नेत्यांनी पेपर काढले नाहीत? सुधारक नेता ल्यांग छीछाओ १८९६ मध्ये शांघायच्या 'शिवूबाओ'चा मुख्य लेखक झाला, तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा. १८९८ ची सुधारणा चळवळ चिरडल्यावर तो जपानला पळाला आणि वर्ष संपायच्या आत योकोहामाहून नवं पत्र सुरू केलं. पत्रकाराची कामं दोन, सरकारवर देखरेख आणि लोकांना वाट दाखवणं, हे त्याने १९०२ मध्ये लिहिलं. पुढे हाच गृहस्थ मंत्रीही झाला. क्रांतिकारकांचे नेते सुन यात-सेन यांची राष्ट्रवाद, लोकशाही आणि लोकांची उपजीविका ही त्रिसूत्री लोकांसमोर आली तीही १९०५ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या टोकियोहून निघणाऱ्या 'मिनबाओ'च्या पहिल्या अंकात.

आणि 'सुबाओ' खटला? १९०३ मध्ये जांग ताययान या क्रांतिकारक विद्वानाने शांघायच्या या पेपरात सम्राटाला चक्क नावाने हाक मारून विदूषक म्हटलं, वर डाळ कुठली अन् गहू कुठला हेही याला कळत नाही, अशी पुस्ती जोडली. एरवी मुंडकंच उडालं असतं. पण पेपर परकीयांच्या वसाहतीत, म्हणून चीनवर राज्य करणारं एवढं मोठं चिंग साम्राज्य तिथल्या कोर्टात फिर्यादी होऊन उभं राहिलं! जांगला तीन वर्षं आणि त्याचा तरुण साथीदार जोउ रोंगला दोन वर्षं शिक्षा झाली. सुटकेला दोन-तीन महिने उरले असताना, १९०५ मध्ये, जोउ तुरुंगातच वारला.

बंद पाडण्याचं म्हणाल, तर १९१३ मध्ये चीनचा तेव्हाचा अध्यक्ष युआन शिखाय याने विरोधी पेपर बंद पाडण्याचा सपाटाच लावला. तेवढं कबूल. पण जे जन्मलंच नाही, ते बंद काय करणार?

राहिला टिळकांचा मुद्दा. जांग सुटला तो थेट टोकियोला गेला आणि 'मिनबाओ'चा संपादक झाला. एप्रिल १९०७ मध्ये तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांनी शिवस्मृतीचा कार्यक्रम केला. होय, आपल्याच शिवाजी महाराजांचा. जपानचे माजी पंतप्रधान ओकुमा पाहुणे. इंग्रजांना बोल लावू नका, आधी स्वतः सुधारा, असा त्यांच्या भाषणाचा सूर. जांग श्रोत्यांत होता. पुढच्याच महिन्यात त्याने 'मिनबाओ'त या सोहळ्यावर लेख लिहिला आणि ओकुमांची सालटी काढली. शिवजयंतीला पत्रकाराची धार देण्याचं काम टिळकांनी पुण्यात केलं. त्या धारेचा एक चिनी संपादकही त्या दिवशी टोकियोत होता.

१९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच ऑक्टोबरात जपान सरकारने 'मिनबाओ' बंद केलं.