रॉकबिलीच्या न खपलेल्या रेकॉर्ड टाकाऊ नव्हत्या

जुन्या अमेरिकन संगीताचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. रॉकबिली, म्हणजे कंट्री (गोऱ्या अमेरिकनांचं ग्रामीण संगीत) आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूज यांच्या मिश्रणातून १९५०च्या दशकात घडलेली उसळती शैली, एल्व्हिस प्रेस्लीने सुरू केली, बाकीच्यांनी त्याची नक्कल केली. त्यांच्या रेकॉर्ड चांगल्या असत्या तर तेव्हाच गाजल्या असत्या, आणि आज त्यांना भाव येतो तो निव्वळ दुर्मिळ आहेत म्हणून. यातलं शेवटचं विधान अर्धं खरं आहे. आधीची तीन खरी नाहीत.

आधी सुरुवातीचं पाहू. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिसने 'दॅट्स ऑल राइट' गायलं, त्याचं महत्त्व कोणीच नाकारत नाही. ती सन कंपनीची २०९ क्रमांकाची रेकॉर्ड. आता यादीत थोडं मागे जा. २०२ क्रमांकावर डग पॉइंडेक्स्टर आणि त्याचा स्टारलाइट रँगलर्स हा बँड आहे, ध्वनिमुद्रण मे १९५४चं. त्यात गिटारवर स्कॉटी मूर आहे आणि डबल बेसवर बिल ब्लॅक, म्हणजे काही आठवड्यांनी एल्व्हिसला साथ करणारे तेच दोघे. 'माय काइंड ऑफ कॅरिइंग ऑन' ही तिची बाजू ऐकली की तो उसळता ठेका आधीपासून तयार होत होता हे कानालाच कळतं. ही रेकॉर्ड खपली सुमारे ३००. तिच्या आधीचा क्रमांक २०१ हार्डरॉक गंटर या गायकाचा. त्यातलं 'गॉना डान्स ऑल नाइट' तो १९५० मध्येच अलाबामातल्या बामा नावाच्या छोट्या कंपनीसाठी गायला होता.

गायक बिल हेलीचं 'रॉक द जॉइंट' तर १९५२चं. त्यात डॅनी सेड्रोनने वाजवलेला गिटारचा तुकडा त्याने स्वतःच एप्रिल १९५४ मध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक'मध्ये जसाच्या तसा पुन्हा वाजवला. जगाने ऐकला तो दुसरा. त्यानंतर दोनच महिन्यांनी जिन्यावरून पडून सेड्रोन गेला. ते गाणं १९५५ मध्ये गाजलं, ते त्याला पाहायला मिळालं नाही.

आणि याही सगळ्याच्या मागे कृष्णवर्णीय गायक आहेत. 'दॅट्स ऑल राइट' मूळ आर्थर क्रुडपचं, १९४६चं. 'मिस्ट्री ट्रेन' ज्युनियर पार्करचं, १९५३चं, तेही सननेच काढलेलं. त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'लव्ह माय बेबी' आहे. तिथली गिटारची चाल स्कॉटी मूरने एल्व्हिसच्या 'मिस्ट्री ट्रेन'साठी उचलली. सुरुवातीची तारीख एल्व्हिसवर नेऊन ठेवली की सर्वांत आधी हीच माणसं पुसली जातात.

नकलेचा आरोप चार्ली फेदर्स या गायकाला लावून पाहा. एल्व्हिसचं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं, 'आय फर्गॉट टू रिमेंबर टू फर्गेट', त्याच्या गीतकारांत फेदर्सचं नाव आहे. १९५६ मध्ये मीटिअर कंपनीने त्याचं 'टंग-टाइड जिल' काढलं. उचकी लागल्यासारखा मध्येच तुटणारा, पुन्हा उसळी घेणारा तो आवाज एल्व्हिसचा नाही, दुसऱ्या कोणाचाही नाही. त्याच वर्षी जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाने 'द ट्रेन केप्ट अ-रोलिन' मुद्रित केलं. मूळ गाणं टायनी ब्रॅडशॉचं, १९५१चं, पण या त्रिकुटाच्या रेकॉर्डवर गिटार चक्क गुरगुरते. राष्ट्रीय यादीत या त्रिकुटाचं एकही गाणं चढलं नाही. नऊ वर्षांनी इंग्लंडच्या यार्डबर्ड्स या बँडने हेच गाणं उचललं, ते बर्नेटच्या रेकॉर्डवरून.

"चांगलं असतं तर तेव्हाच चाललं असतं." या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते म्हणणाऱ्याने रेकॉर्ड विकली कशी जायची याचा विचारच केलेला नसतो. रेकॉर्ड छापायला रोख पैसे आधी लागत आणि वितरकांकडून वसुली महिनोन् महिने होत नसे. छोट्या कंपनीचं गाणं चालायला लागलं की तिची ओढाताण उलट वाढायची. एका वेळी एकाच गाण्यावर पैसा लावणं परवडे. सनचा मालक सॅम फिलिप्सने नोव्हेंबर १९५५ मध्ये एल्व्हिसचा करार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला ३५,००० डॉलरना विकला तो याच ओढाताणीतून. १९५७ मध्ये बिली ली रायलीचं 'रेड हॉट' उचल खात होतं, पण सनने ताकद लावली आपल्याच दुसऱ्या गायकामागे, जेरी ली लुइसमागे. आपलं गाणं तिथेच मारलं गेलं असं रायली पुढे सांगत राहिला. टेक्सासच्या स्टारडे कंपनीची तर वेगळीच सोय होती: गायकाने टेप पाठवायची, पैसे भरायचे आणि छापून आलेल्या काहीशे प्रती स्वतःच कार्यक्रमात विकायच्या. अशी रेकॉर्ड शेजारच्या राज्यापर्यंत पोचलीच नाही, तर तिला नाकारलं कोणी?

बायकांच्या बाबतीत कारण आणखी उघड आहे. जॅनिस मार्टिनला आरसीएने 'स्त्री एल्व्हिस' म्हणून पुढे आणलं तेव्हा ती सोळाचीही नव्हती. तिने गुपचूप लग्न केलेलं होतं. ती गरोदर असल्याचं कळलं आणि कंपनीने तिला सोडून दिलं. यात गाण्याचा दर्जा कुठे आला?

राहिला भावाचा मुद्दा. रेकॉर्ड न ऐकता लेबलचा रंग आणि क्रमांक पाहून पैसे मोजणारे संग्राहक आहेत, आणि दुर्मिळ रेकॉर्डच्या ढिगात कंटाळवाण्याही भरपूर आहेत. पण हँक मिझेलच्या 'जंगल रॉक'चं काय करायचं? १९५८ मध्ये शिकागोच्या एको या चिमुकल्या कंपनीने ते काढलं आणि ते कुठेच गेलं नाही. एका डच संग्राहकाला ते सापडलं, त्याने पुन्हा काढलं. पुढे चार्ली रेकॉर्ड्सने ब्रिटनमध्ये आणलं आणि १९७६ मध्ये तेच जुनं रेकॉर्डिंग तिथे तिसऱ्या क्रमांकावर गेलं. ती नवी छापलेली, कोणत्याही दुकानात मिळणारी साधी सिंगल होती. ती विकत घेणाऱ्या पोरांच्या हाती दुर्मिळ असं काहीच आलं नव्हतं. त्यांना गाणं आवडलं होतं.